जुनी होडी, जुनी आऊटबोर्ड: आठ महिन्यांचा अनुभव आणि साडेचारशेचा इम्पेलर

मेच्या दुसऱ्या आठवड्यात दारणा धरणाच्या मधोमध आऊटबोर्ड, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून अडकवायची मोटर, तापली. मोटरीला थंड करून बाजूच्या भोकातून पडणारी पाण्याची धार कधी थांबली ते कळलंच नाही, कारण मी जाळ्याकडे बघत होतो आणि मावसभाऊ मोबाइलकडे. जळक्या रंगाचा वास आला तेव्हा कुठे बंद केली. मग सव्वा तास वाऱ्याविरुद्ध वल्ही मारली. दोन्ही तळहातांना फोड. त्याच रात्री हे लिहायला बसलो होतो, पण ते फारच शिवराळ झालं. आता राग बराच निवलाय.

मोटर 8 एचपी, टू-स्ट्रोक, जपानी, वय विचारू नका. उरणकडच्या एका कोळ्याकडून 32 हजारांना आणली. नवीचा भाव विचारला होता, ऐकून फोन ठेवला. होडी फायबरची, 14 फुटी, मावसभावाच्या संस्थेतल्या एकाने काठावर पालथी टाकून दिली होती, ती 9 हजारांत मिळाली. मी सातपूरला पंचवीस वर्षं फिटर, त्यामुळे ‘आपण करू रे’ हा रोग जुनाच.

होडीचं थोडक्यात सांगतो. जिथे मोटर अडकवतात त्या मागच्या फळीवर पान्याने टकटक केली तर आवाज ‘ठक’ न येता ‘डब’ आला. वरचं फायबर कापलं, तर आतलं प्लाय चहात बुडवलेल्या खारीसारखं हातात आलं. 18 एमएमचे आयएस 710 मरीन प्लायचे दोन थर चिकटवून नवी फळी बसवली, वरून फायबरची मॅट आणि रेझिन. चूक एकच, हे काम श्रावणात काढलं. दमट हवेत रेझिन तीन दिवस चिकटच. शेवटी रात्रभर हॅलोजन लावून ठेवला. बायको म्हणाली, “विजेच्या बिलात नवी होडी आली असती.” असो. आठ महिन्यांत फळी कणभर हललेली नाही, होडीला पैकीच्या पैकी.

आता मोटर. समुद्रात वापरलेली मोटर गोड्या पाण्यात आणली की मजा वाटते, पण खारं पाणी तिच्या आत राहिलेलंच असतं. मोटरीचा खालचा पाय, म्हणजे पाण्यात बुडणारा गिअरचा भाग, उतरवायला बोल्ट सुटेनात. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्टीलचा बोल्ट खाऱ्या पाण्याने असा धरतो की दोघं एकाच आईची पोरं वाटावीत. गंजाचं तेल मारून रात्रभर ठेवलं, सकाळी गॅसचा पंप लावून गरम केलं, तरी एकाचं डोकं तुटलंच. ड्रिल मारून टॅपने नवे आटे पाडावे लागले. ज्याला हे येत नाही त्याने समुद्राची मोटर घेऊ नये, हे माझं स्पष्ट मत.

गिअर ऑइल काढलं तर ताकासारखं पांढरं, म्हणजे सीलमधून पाणी शिरत होतं. सील बदलले. (नवं ऑइल खालच्या भोकातून दाबत भरायचं आणि वरच्या भोकातून बाहेर आलं की थांबायचं. वरून ओतलं तर हवा आत अडकते.) कार्बोरेटर उकलून साफ केला. पेट्रोलमध्ये हल्ली 20 टक्के इथेनॉल, ते जुनं रबर खातं, त्यामुळे जुन्या रबरी नळ्या काढूनच टाकल्या. घरी यायच्या आधी पेट्रोलची नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत मोटर चालू ठेवतो. पेट्रोलमध्ये मिसळायचं ऑइल एका लिटरला 20 मिली, 50 ला 1. सुरुवातीला पैसे वाचवायला मोटरसायकलचं टू-टी घातलं, प्लग काळा झाला. आता आऊटबोर्डचंच आणतो आणि मनातल्या मनात रडतो.

आणि इम्पेलर. मोटर थंड ठेवायला खालून पाणी वर ढकलणाऱ्या पंपातलं सहा पात्यांचं रबरी फुलपाखरू, पण सगळ्या मोटरीचा जीव त्यात. ओरिजिनल किटचा भाव ऐकून मी मुंबईच्या एका दुकानातून साडेचारशेचा साधा मागवला होता. मेमध्ये उघडला तर चार पाती मुळापासून गेलेली. दुकानदाराला फोन लावला, वीस मिनिटं भांडलो. तो एकच विचारत होता, “साहेब, कोरडी चालवली का?” मी छातीठोक नाही म्हणालो.

चार दिवसांनी पुतण्याने गणपतीतला व्हिडिओ दाखवला. पाहुणे जमलेत, मोटर लाकडी घोडीवर, मी ऐटीत दोर ओढतोय, मोटर धडधडतेय आणि खाली पिंप नाही. पाण्याचा थेंब नाही. चांगलं अर्धं मिनिट! पाण्याशिवाय इम्पेलर काही सेकंदांत आतून घासून जळतो, हे मी स्वतःच दोघांना शिकवलंय.

त्यामुळे साडेचारशेच्या इम्पेलरबद्दलचं मत बदललं, पण पूर्ण नाही. उन्हाळ्यात दारणेचं पाणी खाली गेलं की काठाला नुसता गाळ. उथळात मोटर लावली की ती गाळ पिते आणि रबर खरवडून निघतं, तो भाग वेगळा. आता उथळात मोटर वर उचलतो आणि वल्हं मारतो. दुकानदाराला परत फोन केलेला नाही. लाज वाटते.

या वेळी ओरिजिनल किट घेतली, साडेबाराशे. निळ्या पिंपात मोटरीचा पाय बुडवून वीस मिनिटं चालवून पाहिली. धार जाड आणि कोमट. पिस्टन वाचला, दोर ओढताना पूर्वीसारखाच जोर लागतो. अर्ध्या थ्रॉटलला तासाला दोन लिटरच्या आत पेट्रोल, तक्रार नाही. मिरगानंतर पाणी चढायला लागलंय, मावसभाऊ रोज विचारतो, “दादा, पलीकडच्या काठाला जायचं का?”

जाईनही. पण तुटलेली पाती होती चार. पंपाच्या डब्यात दोन तुकडे सापडले, एक वरच्या तांब्याच्या नळीत. कंप्रेसरने उलटी हवा मारली, तार घातली. चौथा कुठे आहे ते अजून कळलेलं नाही, म्हणून होडीत मी जाळ्याकडे पाठ करून बसतो आणि धारेकडे बघत राहतो.