मोटार कुठं फिरणार ते आधी सांगणारा टेस्टर : नऊ महिन्यांचा अनुभव

माझं काम मोटार रिवाइंडिंगचं आणि शेतीपंपाच्या पॅनेलचं. सांगलीच्या आसपासचा ऊसपट्टा आणि अधूनमधून इचलकरंजीतले लूम. इतकी वर्षं दिशा बघायची माझी पद्धत चारचौघांसारखीच होती. स्टार्टरचं हिरवं बटण टिचकीभर दाबायचं, मागच्या पंख्याकडं बघायचं, उलटा फिरला की दोन वायरींची अदलाबदल. उघड्या मोटारीला हे चालतं. तीनशे फूट खाली सोडलेल्या सबमर्सिबलचा पंखा कोण बघणार? ती उलटी फिरली तरी पाणी येतं, फक्त कमी येतं, आणि शेतकरी महिनाभर बोरलाच शिव्या देत बसतो. म्हणून गेल्या श्रावणात साडेपाच हजार मोजून हा टेस्टर घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, या जातीचे सगळे टेस्टर साधारण सारखेच वागतात.

तीन वायरी, तीन क्लिपा. लाइनच्या तिन्ही फेजना, म्हणजे तीन चालू तारांना, जोडल्या की तीन दिवे लागतात, शिवाय उजवीकडं किंवा डावीकडं फिरणारा बाण. डीपी (ट्रान्सफॉर्मर) बदलला, केबलला नवा जोड मारला, की फेजचा क्रम बदललेला असू शकतो, आणि मोटार कुठं फिरणार ते त्या क्रमावरच ठरतं. तो पाच मिनिटांत कळतो. या कामासाठी पैसे वसूल झाले.

आता घोटाळा सांगतो. क्लिपांचे रंग परदेशी पद्धतीचे आहेत: तपकिरी, काळा, करडा. आपल्याकडं फेज लाल, पिवळा, निळा आणि काळा म्हणजे न्यूट्रल, परतीची तार. दुसऱ्याच महिन्यात माझ्या हाताखालच्या पोरानं काळी क्लिप सरळ काळ्या वायरीला लावली, उरलेल्या दोन लाल आणि पिवळ्याला. टेस्टरनं कुरकूर न करता डावीकडचा बाण दाखवला. आम्ही दोन वायरी बदलल्या, पंप चालू केला, आणि पाणी निम्म्यावर आलं. आधीचा क्रम बरोबरच होता! एखाद्या फेजच्या जागी न्यूट्रल आला तरी हे यंत्र बाण दाखवतं, आणि तो चुकीचा असू शकतो. माहितीपुस्तिकेत हे लिहिलेलं आहे, मी वाचलं नंतर. त्याच रात्री क्लिपांवर लाल, पिवळी, निळी नळी चढवली. आता बाणावर विश्वास ठेवण्याआधी मल्टिमीटरनं दोन-दोन तारांच्या तिन्ही जोड्यांमधला दाब (व्होल्टेज) मोजतो. प्रत्येक जोडीवर ४१५ व्होल्टच्या आसपास हवेत. दोन जोड्यांवर २४० दिसले, तर एक क्लिप न्यूट्रलवर आहे.

यावरून आणखी एक. घेताना दाबाची मर्यादा बघा. दुकानात मला आधी ४०० व्होल्टपर्यंतचा दाखवला होता. आपल्याकडं रात्री लोड कमी झाला की दाब ४४० च्याही वर गेलेला मी पाहिलाय. मी ६०० पर्यंतचा घेतला.

तिन्ही दिवे लागले म्हणजे तिन्ही फेज शाबूत, असंही समजू नका. तासगावकडं एकाची मोटार नुसती हुंहुं करत होती, उचलत नव्हती. टेस्टरवर तिन्ही दिवे. मल्टिमीटरवर मात्र एका फेजचा दाब बाकीच्या दोघांपेक्षा बराच कमी. डीपीवरचा त्या फेजचा फ्यूज उडालेला होता, पण शेजाऱ्याची मोटार उरलेल्या दोन फेजवर रेटत चालूच होती आणि तिच्या वायंडिंगमधून तिसऱ्या तारेवर दाब परत येत होता. फ्यूज उडालाय म्हणून त्या तारेला हात घातला असता, तर हा अनुभव लिहायला मी नसतो. उलट बाजूही तितकीच वाईट: दिवा लागला नाही म्हणजे तार मेली, असं हा टेस्टर सांगू शकत नाही. क्लिप नीट बसली नसेल, वायर आतून तुटली असेल. तार बंद आहे का, हे मी मल्टिमीटरनंच बघतो. आधी चालू लाइनवर तो मीटर धड आहे का ते बघायचं, मग बंद लाइन तपासायची, मग परत चालू लाइनवर.

क्लिपा मी चालू लाइनवर लावत नाही. जुन्या स्टार्टरात टर्मिनल इतके चिकटून असतात की क्लिपचा जबडा दोन फेजना एकदम टेकतो आणि मग जाळ तोंडावर येतो. मेन बंद, कुलूप, तपासणी, क्लिपा, माणसं मागं, मग मेन चालू. बाण बघून परत बंद, मग क्लिपा काढायच्या. गिऱ्हाइकाला घाई असते, असू दे.

दुसरी सोय मोटारीची. वायरी सोडवलेल्या मोटारीला क्लिपा लावून शाफ्ट हातानं अर्धा फेरा फिरवायचा, रोटरमध्ये, म्हणजे मोटारीच्या फिरत्या भागात, उरलेल्या जराशा चुंबकत्वावर दिवा दिशा सांगतो. स्टार-डेल्टाच्या सहा वायरींच्या मोटारीत एका बाजूची तीन टोकं आधी एकत्र जोडावी लागतात, नाहीतर दिवाच लागत नाही. मी अर्धा दिवस टेस्टरला नावं ठेवत होतो. या वेळी मोटारीवर लाइन अजिबात नको, स्टार्टरकडून येणारी वायरसुद्धा सुटलेलीच हवी.

चालत्या मोटारीच्या अंगावर नुसता धरून दिशा बघायची सोय मला फारशी पटली नाही. शाफ्टच्या रेषेतच धरावा लागतो, लहान मोटारीवर गडबडतो, आणि ड्राइव्हवर (वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रावर) चालणाऱ्या मोटारीसाठी ती नाहीच.

तक्रार एवढीच, की नऊ व्होल्टची बॅटरी जाते तेव्हा बाण आधी मंद होतो आणि भर उन्हात ते लक्षात येत नाही. एका क्लिपची नळीही मुळाशी चिरली होती, वायरींचा सेट बदलला. आता खिशात एक बॅटरी जास्तीची असते, आणि दर सोमवारी पोरगं तिन्ही वायरी वाकवून चिरा बघतं.