फिश टँकमधल्या शेवाळावर औषधाच्या बाटल्या ओतण्याआधी टायमर आणि डिमर घ्या

हा रिव्ह्यू कुठल्या एका ब्रँडचा नाही, कारण या दोन्ही वस्तू पाच-पन्नास नावांनी मिळतात आणि आतून बऱ्यापैकी सारख्याच असतात. एक म्हणजे सॉकेटमधे लावायचा डिजिटल टायमर आणि दुसरा एलईडीच्या वायरमधे जोडायचा, उजेड कमी-जास्त करणारा गोल नॉबवाला डिमर. पुण्यात तपकीर गल्लीत मिळतात, मुंबईकरांना लॅमिंग्टन रोड आहे, नाहीतर ऑनलाईन आहेच. हजाराच्या आत दोन्ही येतात आणि प्लांटेड टँकसाठी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेल्या फिश टँकसाठी, एवढ्या पैशात याच्यापेक्षा कामाचं मला तरी काही सापडलेलं नाही.

का ते सांगतो. हल्लीचे प्लांटेड टँकचे लाईट भलतेच पॉवरफुल असतात, सीओटूचा म्हणजे कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लावलेल्या टँकला ते ठीक आहेत, पण आपल्यातल्या बहुतेकांकडे काय असतं तर अनुबियास, जावा फर्न, क्रिप्ट, सगळी सावकाश वाढणारी पाणझाडं, सीओटू नाही आणि खत आठवेल तेव्हा. अशा टँकवर फुल लाईट मारला की झाडांना कार्बनच पुरत नाही, मग तो उजेड ती वापरणार कशी, तो जातो शेवाळाला, त्याचं थोडक्यात भागतं. अनुबियासचं एकच पान महिनोन्महिने टिकतं म्हणून तिथे सगळ्यात आधी दिसतं, बारीक हिरवे टिपके, बोटाने चोळून जात नाहीत. काचेवरचे तेच टिपके ब्लेडने खरवडावे लागतात. मग दुकानात गेलं की हातात शेवाळ मारायची बाटली पडते. बाटलीत कॉपर असेल तर टँकमधल्या श्रिंप म्हणजे छोट्या कोळंब्या मरतात, ग्लुटरल्डिहाइडवालं असेल तर व्हॅलिसनेरिया हे गवतासारखं पाणझाड वितळतं, आणि उजेड तसाच राहिला तर शेवाळ परत हजर.

आता टायमर. जुना गोल फिरणारा मेकॅनिकल टायमर असतो ना, कडेने ९६ पिना आणि एक पिन म्हणजे १५ मिनिटं, तो स्वस्त आहे, टिकतोही, पण लाईट गेली की घड्याळ तिथेच थांबतं. आमच्याकडे गुरुवारी मेंटेनन्ससाठी तीन-चार तास लाईट जाते, म्हणजे त्या दिवसापासून टँकचा दिवस तेवढाच उशिरा सुरू होणार आणि कोणी हाताने घड्याळ पुढे करेपर्यंत तसाच राहणार. डिजिटलमधे आत छोटी चार्ज होणारी बॅटरी असते, वीज गेली तरी वेळ चुकत नाही. नवीन आणल्यावर आधी काही तास सॉकेटमधे लावून ठेवा, मग टाचणीने रीसेटचं बारीक भोक दाबा आणि नंतरच वेळ सेट करा.

दोन गोष्टी मॅन्युअलमधे इतक्या बारीक अक्षरात असतात की कोणी वाचत नाही. बटण दाबून ऑन, ऑटो, ऑफ असं फिरतं, त्यात ऑफवरून ऑटोवर आणलं तर लाईट पुढच्या ऑनच्या वेळेपर्यंत बंदच राहतो आणि ऑनवरून ऑटोवर आणलं तर पुढच्या ऑफपर्यंत चालू राहतो. बऱ्याच जणांना वाटतं टायमर बिघडला, तसं नसतं. दुसरं म्हणजे रँडमचं बटण. ते घर बंद असताना चोराला फसवायला दिलंय, चुकून दाबलं गेलं की स्क्रीनवर छोटा आर दिसतो आणि वेळा मागेपुढे व्हायला लागतात, टँकसाठी त्याला हातसुद्धा लावू नका.

सलग वेळ किती ठेवायची तर नवीन टँकला ६ तास, झाडं रुजल्यावर फार तर ८. मी दुपारी ३ ते रात्री १० ठेवलीय कारण संध्याकाळी घरी आल्यावर टँक बघायला मिळाला पाहिजे. प्लांटेड टँकवर पुस्तक लिहिणाऱ्या डायना वॉलस्टॅड यांची सिएस्टा म्हणजे मधे विश्रांती द्यायची पद्धतसुद्धा या टायमरवर आरामात बसते, ५ तास चालू, ४ तास बंद, परत ५ तास चालू, मधल्या वेळात पाण्यातला कार्बन डायऑक्साइड परत भरून येतो. सीओटू नसलेल्या, खाली माती घातलेल्या टँकला ही छान आहे. पण लाईटच भगभगीत असेल तर नुसत्या सिएस्टाने शेवाळ जात नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून दोघांतला खरा हिरो मला डिमर वाटतो. वेळ कमी करता करता माणूस ४ तासांवर येतो, झाडं उपाशी राहतात, काच हिरवीच. त्यापेक्षा ७ तास ठेवा आणि नॉब निम्म्यावर आणा, दोन-तीन आठवडे बघा, नव्या पानांवर काही बसलं नाही की थोडा वाढवा. जुन्या पानांवरचं आपोआप जात नाही, ती पानं कापायची. नॉबवर आकडे नसतात ही मोठी उणीव आहे, नेलपेंटचा ठिपका देऊन खूण करा, नाहीतर पुसताना धक्का लागला की सेटिंग गेलं. अजून एक, डिम केल्यावर मोबाईलच्या व्हिडिओत काळे पट्टे येतात, कारण डिमरच्या आतलं पीडब्ल्यूएम सर्किट उजेड कमी करायला लाईट भराभर चालू-बंद करत असतं. डोळ्यांना दिसत नाही, माशांनाही त्रास झालेला मी पाहिला नाही.

घेताना अँपिअर बघा. १२ व्होल्टचा २४ वॅटचा लाईट २ अँपिअर खेचतो, तर डिमर किमान ३ चा हवा, नाहीतर गरम होतो. दोन्ही वस्तू पाण्यापासून लांब ठेवा आणि वायर सॉकेटच्या खाली लोंबेल अशी सोडा म्हणजे पाणी ओघळलं तरी खाली टपकतं, प्लगमधे जात नाही.

काळ्या दाढीसारखं शेवाळ असेल आणि सीओटू चालू असेल तर आधी सीओटू रोज सारखा जातोय का ते बघा, तिथे डिमर एकटा पुरणार नाही. नवीन टँकमधला तपकिरी थर असेल तर काहीच घेऊ नका, तो काही आठवड्यांत बहुतेक वेळा स्वतःच जातो. आणि ज्यांचा लाईट अॅडॅप्टरशिवाय थेट २३० व्होल्टवर चालतो त्यांना हा डिमर चालणार नाही, त्यांनी फक्त टायमर घ्यावा आणि लाईट वीतभर वर टांगावा किंवा सावलीसाठी पाण्यावर थोडं साल्व्हिनिया हे तरंगणारं झाड सोडावं.