ओव्हाप्रिम: एका इंजेक्शनाने काय साधते आणि काय साधत नाही

रोहू, कटला आणि मृगळ हे मूळचे नदीतले मासे. तळ्याच्या साचलेल्या पाण्यात ते उत्तम वाढतात, मादीच्या पोटात अंडीही भरतात. परंतु पुराचे वाहते पाणी न मिळाल्यामुळे ती बाहेर पडत नाहीत. ही अडचण आपल्याकडे १९५७ च्या जुलैमध्ये ओडिशात हिरालाल चौधुरी आणि के. एच. अलिकुन्ही या मत्स्यशास्त्रज्ञांनी पीयूष ग्रंथीच्या (मेंदूखालची, प्रजननाची संप्रेरके सोडणारी ग्रंथी) अर्काचे इंजेक्शन देऊन सोडवली. मात्र त्यानंतर कित्येक वर्षे मत्स्यबीज केंद्रांचा पावसाळा माशांच्या डोक्यांतून ग्रंथी काढण्यात, त्या अल्कोहोलमध्ये जपण्यात आणि खलात घोटण्यात जात असे. कॅनडाच्या सिंडेल कंपनीचे ओव्हाप्रिम हा त्या खटाटोपावरचा तयार पर्याय आहे.

१० मिलीच्या कुपीतील या द्रवाच्या प्रत्येक मिलीमध्ये सामन माशाच्या जीएनआरएच संप्रेरकाचे (मेंदूकडून पीयूष ग्रंथीला संदेश देणारे) कृत्रिम प्रतिरूप २० मायक्रोग्रॅम आणि डोम्पेरिडोन १० मिलिग्रॅम असते. खरी करामत या जोडीत आहे. रोहू-कटलासारख्या कार्प गटातील माशांत पीयूष ग्रंथीला डोपामिन या मेंदूतील रसायनाचा लगाम असतो. तो सैल केल्याशिवाय नुसत्या जीएनआरएचने अंडी बाहेर पडायला पुरेसे संप्रेरक सुटत नाही. उलटी थांबवण्यासाठी माणसांना देतात तेच डोम्पेरिडोन इथे तो लगाम काढते, आणि शरीरात लवकर न विघटणारे प्रतिरूप ग्रंथीला जोरकस संदेश देते.

वापरात सर्वांत मोठा फरक जाणवतो तो माशांच्या हाताळणीत. ग्रंथीचा अर्क वापरताना मादीला साधारण ६ तासांच्या अंतराने दोनदा पकडावे लागते, आणि प्रत्येक वेळी खवले निघतात, मासा बिथरतो. शिवाय ग्रंथी कोणत्या माशाची आणि किती पक्व, यावर अर्काचा जोर बदलतो. ओव्हाप्रिमची मात्रा मादीला किलोमागे सुमारे ०.३ ते ०.५ मिली (कटलाला जास्त, मृगळाला कमी) आणि नराला ०.१ ते ०.२ मिली, दोघांना एकाच वेळी दिली की काम झाले. संध्याकाळी इंजेक्शन दिले तर बहुधा पहाटेपर्यंत अंडी पडतात. द्रव दाट असल्याने फार बारीक सुई चालत नाही. ओल्या कापडाने डोके झाकून, शेपटीच्या मुळाजवळ पार्श्वरेषेच्या (माशाच्या कुशीवरून जाणारी रेघ) वर खवल्याखालून सुई तिरकी सरकवावी आणि दट्ट्या सावकाश दाबावा. घाई केली तर सुईबरोबर औषधही बाहेर येते.

आता मर्यादा. हे औषध अंडी तयार करत नाही, तयार झालेली अंडी सोडवते. अंड्यांत पोषकद्रव्य भरण्याचे काम उन्हाळ्यातील वाढते तापमान, लांबलेला दिवस आणि प्रजनक माशांना आधीचे काही महिने दिलेला खुराक यांच्यावर अवलंबून असते. मादीचे पोट मऊ व फुगीर, जननछिद्र लालसर नसेल किंवा नराचे पोट हलके दाबताच पांढरे शुक्र येत नसेल, तर कुपी उघडूच नये. पाणी २७ ते ३० अंशांच्या आसपास, प्राणवायूयुक्त आणि चिनी पद्धतीच्या गोल प्रजनन कुंडात फिरते असावे. पहिल्या पावसानंतर गार झालेल्या पाण्यात निकाल हमखास चांगला येतो, हा अनुभव मत्स्यबीज केंद्रांवर सर्वमान्य आहे.

किंमत ग्रंथीच्या अर्कापेक्षा वरचढ वाटते, पण वाचलेले प्रजनक आणि वाचलेली रात्रपाळी हिशेबात धरली तर ती तक्रार टिकत नाही. याच तत्त्वावरची ओव्हाटाइड आणि वोव्हा-एफएच ही मुंबईच्या कंपन्यांची औषधेही बाजारात आहेत; तुलना करूनच खरेदी करावी.

माझा खरा आक्षेप औषधावर नसून त्याने आणलेल्या सोयीवर आहे. इंजेक्शन इतके सुटसुटीत झाल्यामुळे काही ठिकाणी एकाच कुंडात रोहू आणि कटलाच्या जोड्या एकत्र सोडल्या जातात, त्यातून संकर होतो, आणि पुढे तेच संकरित मासे प्रजनक म्हणून ठेवले जातात. मत्स्यजिरे (अंड्यांतून नुकतीच निघालेली पिल्ले) विकत घेणाऱ्या शेतकऱ्याला हा घोळ त्या वयात डोळ्यांनी ओळखता येत नाही. म्हणून जातीनिहाय वेगळी कुंडे नसलेल्या केंद्राने कुपीआधी त्या बांधकामावर खर्च करावा.