ईस्ट लोदियन की एअरशायर? मित्रांसोबतच्या छोट्या गोल्फ सहलीसाठी कोणता किनारा

स्कॉटलंडमध्ये मित्रांसोबत तीन-चार दिवस गोल्फ खेळायचं ठरलं की पहिलं नाव सेंट अँड्र्यूजचं निघतं. पण तिथल्या प्रसिद्ध ओल्ड कोर्सवरचे बरेचसे टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायच्या ठरलेल्या वेळा, सोडतीवर मिळतात, आणि चौघांनी जुळवून आणलेली सुट्टी सोडतीच्या भरवशावर ठेवणं मला पटत नाही. तो विचार बाजूला ठेवला की खरी निवड दोन किनाऱ्यांमध्ये उरते. पूर्वेला एडिंबराजवळचा ईस्ट लोदियन, पश्चिमेला ग्लासगोच्या खालचा एअरशायर. मी दोन्हीकडे मित्रांबरोबर खेळलो आहे. एवढ्या कमी दिवसांत दोन्ही किनारे एकत्र करू नयेत, कारण अर्धा वेळ रस्त्यात आणि सामान भरण्यात जातो.

नावांच्या बाबतीत पश्चिम किनारा वरचढ आहे, यात वाद नाही. पहिली ओपन, म्हणजे गोल्फची ब्रिटिश ओपन स्पर्धा, १८६० मध्ये प्रेस्टविकला झाली. तेव्हा कोर्स १२ होलचा होता आणि आठ व्यावसायिकांनी एकाच दिवसात त्याच्या तीन फेऱ्या मारल्या. आजही पहिल्या होलवर उजव्या हाताला रेल्वेचे रूळ आहेत, आणि पहिल्याच ड्राइव्हला हात थोडा थरथरतोच. सतराव्यावर, 'आल्प्स'वर, दुसरा फटका टेकडीवरून आंधळा मारायचा आणि पलीकडे 'सहारा' बंकर, म्हणजे वाळूचा मोठा खड्डा, वाट बघत असतो. रॉयल ट्रूनचा आठवा होल, 'पोस्टेज स्टॅम्प', जेमतेम १२३ यार्डांचा. त्यावर जीन सॅराझेनने १९७३ च्या ओपनमध्ये, ७१ वर्षांचा असताना, होल-इन-वन केला होता, म्हणजे एकाच फटक्यात चेंडू होलमध्ये घातला होता. टर्नबेरीचं दीपगृह आणि समोरचं एल्सा क्रेग बेट तुम्ही टीव्हीवर पाहिलेच असतील. १९७७ च्या ओपनमधली टॉम वॉटसन आणि जॅक निकलॉस यांची गाजलेली लढत तिथलीच. ज्याने या जागा वर्षानुवर्षं पडद्यावर पाहिल्यात, त्याला तिथे उभं राहण्याचा आनंद दुसरीकडे मिळणार नाही.

पूर्वेकडेही मोठं नाव आहेच, म्युरफिल्ड. पण तिथे पाहुण्यांना ठरावीक दिवशीच खेळता येतं आणि हँडिकॅपचा (खेळाडूला मिळणाऱ्या जादा फटक्यांचा आकडा; जितका कमी तितका खेळ चांगला) दाखला लागतो, म्हणून सगळी सहल त्याच्याभोवती आखू नये असं मला वाटतं. मिळालं तर उत्तम. ईस्ट लोदियनचं वैभव म्हणजे एकमेकांना खेटून असलेले कोर्स. गलनला एकाच टेकडीवर तीन आहेत. नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्स गावातूनच सुरू होतो. शिवाय ग्लेन, किलस्पिंडी, लफनेस, डनबार. एडिंबराहून नॉर्थ बेरिकला रेल्वेने अर्ध्या तासाहून थोडाच जास्त वेळ लागतो. ट्रून आणि प्रेस्टविकलाही ग्लासगोहून रेल्वे आहे, प्रेस्टविकचं स्टेशन तर पहिल्या टीला लागूनच. टर्नबेरीसाठी मात्र गाडी हवी, आणि गाडी म्हटली की चौघांपैकी एकाच्या संध्याकाळी चालक म्हणून जातात.

एवढ्यावर मी बहुधा पश्चिमेलाच कौल दिला असता. माझं मत फिरवलं ते वाऱ्याने.

जुने लिंक्स, म्हणजे समुद्रकाठच्या वाळूवरचे कोर्स, पुष्कळदा एका रेषेत बाहेर जातात आणि त्याच रेषेत परत येतात. रॉयल ट्रूनबद्दल सगळे सांगतात की जाताना वारा पाठीशी असतो, तेव्हाच काय तो चांगला स्कोअर करून घ्या, कारण परतीचे नऊ होल वाऱ्याच्या तोंडावर खेळायचे असतात. ओपन खेळणाऱ्यांसाठी ही कसोटी योग्यच आहे. पण मित्रांच्या चौकडीत एकाचा हँडिकॅप आठ आणि दुसऱ्याचा चोवीस असतो. समोरच्या वाऱ्यात चेंडूची फिरकी जास्त काम करते. स्लाइस, म्हणजे उजवीकडे वळणारा फटका, अधिक वळतो, चेंडू उंच चढतो आणि जागच्या जागी पडल्यासारखा पडतो. जो लांब आणि सरळ मारतो त्याचं एक क्लब मोठा घेऊन भागतं. ज्याचा चेंडू मुळात उजवीकडे पळतो, त्याला तीन फटक्यांतही ग्रीन (होलभोवतीची बारीक कापलेली हिरवळ) गाठता येत नाही, आणि हँडिकॅपमधले जादा फटके ही तूट भरून काढत नाहीत.

पश्चिमेकडच्या एका कोर्सवर आमचं हेच झालं. पहिल्या नऊ होलांत जोड्यांची लढत बरोबरीत होती, गप्पा रंगल्या होत्या. वळलो आणि वारा तोंडावर आला. आमच्यातला सगळ्यात उत्साही गडी परतीच्या चौथ्या-पाचव्या होलपासून होल अर्धवट सोडून चेंडू उचलून खिशात टाकू लागला. वाऱ्यात एकमेकांचं बोलणं ऐकू येईना. प्रत्येक जण मान खाली घालून आपापल्या चेंडूकडे चालत राहिला. गोल्फ उत्तम होता, पण ज्याच्यासाठी आम्ही एकत्र आलो होतो ते शेवटचे दोन तास हरवलं होतं, आणि दमलेल्या अंगाने तेच दोन तास सर्वांत लांब वाटतात.

नॉर्थ बेरिकचा वेस्ट लिंक्सही असाच जातो आणि येतो, पण त्याची दिशा उलटी आहे. गावातून पश्चिमेकडे जायचं, म्हणजे नेहमीचा पश्चिमेचा वारा सुरुवातीलाच, अंगात दम असताना, झेलायचा आणि तोच पाठीशी घेऊन घरी यायचं. तेराव्यावर ग्रीनच्या अगदी पुढ्यात दगडी भिंत आहे. पंधरावा 'रेडॅन', ज्याची नक्कल जगभरच्या कोर्सवर झाली, आणि सोळाव्याच्या ग्रीनच्या मधोमध खोल घळ. हे सगळं परतीच्या वाटेवर येतं, त्यामुळे चोवीस हँडिकॅपवाल्यालाही त्यात वाटा मिळतो. अठरावा इतका छोटा पार-फोर (चार फटक्यांत पुरा करायचा होल) आहे की वारा साथीला असेल तर तोही ग्रीनच्या आसपास पोचतो. उजवीकडे उभ्या केलेल्या मोटारींपासून सांभाळलं म्हणजे झालं. आमच्या लढती तिथे शेवटच्या ग्रीनपर्यंत जिवंत राहिल्या.

पूर्वेचा वारा सुटला तर हा हिशेब उलटतो, हे मान्य. वसंतात समुद्रावरून धुकं येतं आणि समोरचं बास रॉक बेट दिसेनासं होतं, तेही खरं. पण पाऊस पूर्वेला कमी आणि कोर्स जवळजवळ, म्हणून एखादी सकाळ वाया गेली तरी दुपार हाताशी राहते. जूनमध्ये सूर्य दहाच्या सुमारास मावळतो. संध्याकाळी मसलबराला घोड्यांच्या शर्यतीच्या मैदानातले जुने नऊ होल भाड्याच्या हिकरी क्लबांनी (जुन्या पद्धतीच्या लाकडी दांड्याच्या काठ्यांनी) खेळता येतात. १८६० ची ती पहिली ओपन जिंकणारा विली पार्क याच गावचा.

चौघेही एक आकडी हँडिकॅपचे असाल, किंवा ओपनची मैदानं पाहणं हेच कारण असेल, तर एअरशायरला जा. मी अडवणार नाही. आमच्यासारखा संमिश्र गट असेल तर माझा कल पूर्वेकडे आहे. मुक्काम नॉर्थ बेरिकला करा. पहिल्या दिवशी गलन नंबर दोन घ्या, म्हणजे प्रवासाने आखडलेलं अंग मोकळं होईल. वेस्ट लिंक्सचा टी टाइम मात्र आधी पक्का करा आणि बाकीचे दिवस त्याच्या मागेपुढे लावा.