कोंदणातली साखरपुड्याची अंगठी : उन्हाळा-पावसाळा काढल्यावर

आधी निकाल सांगते. अंगठी रोज बोटात आहे, खडा हललेला नाही आणि ड्युटीवर एकही हातमोजा तिने फाडलेला नाही. पैसे वसूल. तक्रारीही आहेत, त्या पुढे.

आमच्या लातूरकडे अजूनही नवरीची अंगठी मुलाकडचे घेतात, नवरदेवाची मुलीकडचे. मापाला एखादी जुनी अंगठी नाहीतर दोरा जातो आणि काय आलंय ते साखरपुड्याच्या पाटावर कळतं. आम्ही दोघांनी गंजगोलाईच्या बाजारात सोबत जायचं ठरवलं तेव्हा सासूबाईंनी एकच अट घातली : "जा की, पण अठरा कॅरेटचं आणू नका." नेमकी तीच मोडली.

कारण साधं. २२ कॅरेट म्हणजे ९१६ सोनं मऊ असतं. रोज वापरायच्या खड्याच्या अंगठीला १८ कॅरेट, म्हणजे ७५०, जास्त टिकाऊ. तीन हिस्से सोनं, एक हिस्सा तांबं-चांदीसारखा दुसरा धातू. शिवाय फेब्रुवारी २०२५ मध्ये तोळ्याचा भाव ऐंशी हजारांच्या पुढे गेलेला. सासूबाईंना अंगठीच्या आतला ७५० चा छाप दाखवला, त्याशेजारचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा ओळख क्रमांक, सरकारी बीआयएस केअर ॲपमध्ये टाकून दाखवला. शुद्धता, सराफाची नोंदणी सगळं समोर आलं. "मग खोटं नाही म्हणायचं," इथवर त्या आल्या.

आता खरा मुद्दा. दुकानात सगळे खड्याचंच बोलतात. किती सेंट वजनाचा, किती चमक. खडा बसवलाय कसा, हे कुणी सांगत नाही, आणि रोजच्या वापरात फरक तिथेच पडतो. चार-सहा दांड्यांवर उचललेला खडा दिसतो झकास, पण माझ्या जाऊबाईंची अंगठी तशी आहे. ज्वारीचं पीठ मळलं की खड्याखाली जाऊन बसतं, वाळतं, मग रात्री टाचणीने कोरत बसायचं. स्कार्फचे धागे अडकतात ते वेगळंच. मी नर्स, दिवसभर हातमोजे घाल-काढ. म्हणून यांनीच सराफाला विचारलं, "कोंदणात बसवून मिळेल का?" मिळालं. खड्याभोवती सोन्याची अखंड कड, वरून हात फिरवला तर कुठे टोचत नाही.

तोटा असा की कडेमुळे खडा असतो त्याहून लहान वाटतो आणि बाजूने प्रकाश कमी शिरतो. मांडवात दुरून चमकायला हवी असेल तर ही घेऊ नका. आणखी एक : आमचा खडा ३० सेंटचा, लॅबमध्ये वाढवलेला हिरा. त्याच्या कमरेवर, म्हणजे सगळ्यात रुंद कडेवर, प्रमाणपत्राचा नंबर लेझरने कोरलेला असतो. कोंदणात तो झाकला जातो. बसवण्याआधीच भिंगातून नंबर जुळवून घ्या; आम्ही घेतला. दुकानात जी तपासणीची पेन टेकवून "हिराच आहे" म्हणतात, तिच्यावर विसंबू नका. साधी पेन उष्णतेवर चालते आणि मोइसानाइट या हिऱ्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या खड्यालाही हिरा म्हणते.

बिलात ढोबळ वजन ३.२६ ग्रॅम, निव्वळ सोनं ३.२० ग्रॅम असं वेगवेगळं लिहून घेतलं. ३० सेंट म्हणजे ०.०६ ग्रॅम, हिशोब तिथेच जुळतो. आधीच्या एका दुकानात खड्यासकट वजन करून सगळ्यालाच सोन्याचा भाव लावत होते आणि वर खड्याचे वेगळे. तिथून उठलो.

वापराबद्दल. मे महिन्यात लातूरचं ऊन चढलं की बोटं सुजतात. दुपारी अंगठी घट्ट, पहाटे सैल. माप घ्यायचं तर संध्याकाळी घ्या. बोअरचं पाणी जड, त्यामुळे कोंदणाच्या मागच्या भोकातून साबणाचा पांढरा थर धरतो आणि खडा मंद दिसतो. कोमट पाणी, भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लेकरांचा मऊ ब्रश, बस्स. टूथपेस्ट नको, सोन्यावर चरे पडतात. आई रिठ्याच्या पाण्यात टाक म्हणते, तेही चालतं.

यांची अंगठी साधी, २२ कॅरेटची, खड्याशिवाय. ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान असल्याने तिच्यावर चरेच चरे. त्याचं त्यांना काही नाही. फक्त बॅटरीला हात लावताना ती काढून खिशात जाते. पाना आणि अंगठी मिळून सर्किट झालं तर बोट भाजतं.

मोडीचं विचाराल तर आमच्या सराफाने स्पष्ट सांगितलं : सोन्याचे त्या दिवशीच्या भावाने मिळतील, खड्याचे काही धरू नका. लॅबचा हिरा घेताना हे मान्य असेल तरच घ्या. आम्हाला होतं, कारण वाचलेल्या पैशांत वॉशिंग मशीन आलं. जाऊबाईंनी आता त्यांचा खडा कोंदणात बसवायला टाकलाय.