मेलीहाचा आदिरा किनारा : मे ते ऑक्टोबर लेक आणि सासूबाईंसोबत डुंबल्यावर

माल्टात राहायला आल्यापासून या उन्हाळ्यात आमच्या बहुतेक संध्याकाळी मेलीहा गावाजवळच्या आदिराच्या पाण्यात गेल्या. लेक सहा वर्षांची, नुकती हातपाय मारायला शिकलेली. जुलैत सासूबाई अलिबागहून आल्या. त्यांना पोहता येत नाही. या दोघींना घेऊन जायला माल्टात याहून चांगली जागा मला सापडलेली नाही. मात्र वारा बघूनच जावं.

माल्टाचा बराचसा काठ खडकाळ आहे, शिडीवरून थेट खोल पाण्यात उतरावं लागतं. आदिरा ही इथली सगळ्यांत मोठी पुळण. तळ वाळूचा, उतार अगदी मंद, त्यामुळे बरंच आत गेलं तरी पाणी कमरेपर्यंतच. सासूबाईंनी पहिल्या दिवशी विचारलं, "भरती कधी गं?" अलिबागला ओहोटीत चालत कुलाबा किल्ल्यात जायचं आणि पाणी चढायच्या आत परतायचं, ही त्यांची लहानपणापासूनची सवय. इथे भरती-ओहोटीचा फरक जेमतेम वीतभर. तो धाक उरला नाही, तशा त्या रोज गुडघाभर पाण्यात निवांत फिरू लागल्या. पाणी खारटही जास्त, लिटरला साधारण ३८ ग्रॅम मीठ, त्यामुळे अंग सहज तरंगतं. नवशिक्या मुलांना याने फार धीर येतो.

आता वाऱ्याचं. उपसागराचं तोंड ईशान्येकडे आहे. वायव्येचा मय्यिस्त्राल सुटला की पश्चिमेच्या गोल्डन बे या किनाऱ्यावर लाटा फुटतात आणि आदिराला पाणी सपाट दिसतं. पण हाच वारा इथे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. फुगवलेल्या गाद्या, रबरी रिंगा पाहता पाहता बाहेर जातात, आणि पालक त्यांच्यामागे पोहत सुटतात. कृपा करून असं करू नका. गादी जाऊ द्या, मूल पकडा, लाईफगार्डला हाक मारा. अशा दिवशी आम्ही फुगवायची कुठलीच वस्तू नेत नाही, आणि मी कायम लेकीच्या खोल पाण्याच्या बाजूला उभी राहते. याउलट ईशान्येचा ग्रिगाल सरळ आत घुसतो. तेव्हा लाटा डोळ्यांना दिसतात, लाल बावटा लागतो आणि आम्ही घरीच थांबतो.

जांभळा बावटा म्हणजे जेलीफिश. इथली जांभळट, छोटी जात चांगलीच झोंबते. डंख झाला तर समुद्राच्याच पाण्याने धुवा, वाळू चोळू नका, गोडं पाणी ओतू नका, नंतर थंड शेक द्या. श्वासाला त्रास झाला किंवा चेहऱ्यावर सूज आली तर ताबडतोब दवाखाना.

काठावर तपकिरी, फितीसारख्या पानांचे ढीग साचतात. पुष्कळांना तो कचरा वाटतो. ती पोसिडोनिया ओशिआनिकाची पानं, भूमध्य समुद्रातच वाढणारी सपुष्प वनस्पती. हे ढीग लाटांचा मारा अंगावर घेतात आणि वाळू वाहून जाऊ देत नाहीत. मुलांना जरूर दाखवा.

पुळणीच्या अगदी पाठीशी मोठा रस्ता आहे, तिथे लहानग्यांचा हात सोडू नका. ऑगस्टातल्या रविवारी गर्दीमुळे मूल नजरेत ठेवणं अवघड जातं. आम्ही त्या दिवशी जातच नाही. वॅलेटाहून ४१ आणि ४२ नंबरच्या बस येतात. ऑक्टोबरात पाणी अजून उबदार असतं, पण हंगाम सरला की लाईफगार्ड नसतात. त्या दिवसांत लेकीला मी कमरेच्या पुढे नेत नाही.