कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची साइट आणि खडकीची वॉर सिमेट्री, नववीच्या मुलांसोबतचा अनुभव

गोव्यात पेडणे तालुक्यात शाळेत इतिहास शिकवते. दुसरं महायुद्ध आलं की दरवर्षी तेच व्हायचं, सनावळी पाठ, हिटलर पाठ, आणि मेलेल्यांचा आकडा सांगितला की मुलं निमूट वहीत उतरवून घ्यायची, चेहऱ्यावर काही नाही. यंदा कॉम्प्युटर लॅबचे दोन तास मागून घेतले आणि मुलांना या साइटवर नावं शोधायला लावली. वर्गात आजवर वापरलेल्या गोष्टींत मला ही सगळ्यात उपयोगी वाटली म्हणून सविस्तर लिहिते, कुणा शिक्षकाला कामाला येईल.

कमिशन १९१७ सालचं, दोन्ही महायुद्धांत मेलेल्या सतरा लाख लोकांच्या कबरी आणि नावं सांभाळतं, खर्च सहा देश मिळून करतात आणि त्यात आपला भारत पण आहे. साइट फुकट. नाव टाकलं की हुद्दा, पलटण, मृत्यूची तारीख, वय असेल तर वय, आणि कबर कुठे किंवा नाव कुठल्या स्मारकावर ते येतं.

आम्ही सुरुवात यशवंत घाडगेंपासून केली. रायगडातल्या माणगावकडचे, मराठा लाइट इन्फन्ट्रीचे नाईक, १० जुलै १९४४ ला इटलीत पडले, मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस. वय २२. ही पलटण आपल्या शेजारची, बेळगावची, पोरांनी येता जाता तिचे जवान बघितलेत, आणि त्यातल्या एकाचं नाव तिकडे कासिनोच्या स्मारकावर कोरलंय म्हटल्यावर मागच्या बाकावरची पोरं पण उठून स्क्रीनपाशी आली. मग एकाने स्वतःचं आडनाव टाकलं, फर्नांडिस, आणि यादी संपेचना. बोटीवर काम करणारे दर्यावर्दी कितीतरी, मुंबई चितगाव स्मारकाच्या नोंदीतले. त्याचे आजोबा पण बोटीवर होते, तो बराच वेळ काही बोललाच नाही, नुसता खाली खाली स्क्रोल करत राहिला.

एक अडचण मात्र आहे, सगळं इंग्रजीत, आणि आपली नावं तेव्हाच्या कारकुनांना कानाला जशी लागली तशी लिहिलेली. यशवंतच्या 'वाय' नंतर तिथे 'ए' नाही, 'ई' आहे. दोन-तीन स्पेलिंग करून बघा, नाव नाही आलं म्हणून सोडून देऊ नका.

नंतर दिवाळीच्या सुट्टीत बारा मुलांना घेऊन पुण्याला गेलो, रात्रीच्या बसने. खडकीच्या सिमेट्रीत दुसऱ्या महायुद्धातल्या १६६८ कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात जिथे जिथे कबरींची कायमची देखभाल होईल याची खात्री नव्हती तिथून आणून इथे पुरलेले. पहिल्या महायुद्धातल्या अठराशेवर लोकांची नावं वेगळ्या स्मारकावर, त्यांच्या कबरी इतरत्र होत्या पण आता नीट राखता येत नाहीत म्हणून. स्वच्छता बघून मन भरून आलं, खरंच. हिरवळ एकसारखी, दगडांच्या पायाशी फुलझाडांची पट्टी. ही फुलं शोभेला असतील असं वाटतं पण पावसात मातीचे शिंतोडे उडून दगडावर बसू नयेत हा त्यांचा मोठा उपयोग. साफसफाईला साधं पाणी आणि मऊ ब्रश, ब्लीच किंवा तारेचा ब्रश लावला तर अक्षरं झिजतात. आमच्या गावातल्या देवळाच्या जुन्या शिलालेखावर काय काय ओतलं जातं ते आठवून पोटात कालवलं.

अधिकारी असो की साधा शिपाई, दगड सारखाच. खाली घरच्यांनी निवडलेली एक ओळ, ६६ अक्षरांच्या आत. परत आल्यावर मुलांना तेवढ्यात मराठीत एक ओळ लिहायला सांगितलं, अक्षरं मोजून, स्पेससकट. एका मुलीने लिहिलं "पेज थंड झाली, आई अजून दारात आहे". माझ्याने ती वर्गात मोठ्याने वाचवली नाही.

आता बाजू दुसरी पण सांगायला हवी. "मॅडम, हे सगळे गोरेच का?" हा प्रश्न खडकीतच आला. आपल्या हिंदू, शीख जवानांना अग्नी दिला जायचा त्यामुळे कबर नाही हे खरं, अविभाजित भारताच्या पंचवीस हजारांवर जवानांची नावं दिल्ली आणि कराचीच्या नोंदीत आहेत हेही खरं, पण तेवढंच उत्तर प्रामाणिक नव्हतं. पहिल्या महायुद्धानंतर किमान १,१६,००० लोक, मुख्यतः पूर्व आफ्रिका आणि इजिप्तमधले, नावानिशी नोंदवलेच गेले नाहीत असं २०२१ मध्ये कमिशनच्याच अहवालात आलं आणि त्यांनी माफी मागितली. मी ते मुलांना जसंच्या तसं सांगितलं. दगड सारखे ठेवणाऱ्यांनी इतक्यांना दगडच दिला नाही हे नववीतल्या मुलांना कळतं, लपवू नये.

आणि हो, कमिशनच्या तारखा १९१४ ते १९२१ आणि १९३९ ते १९४७ अशा आहेत. त्यामुळे दोनापावलाचं जुनं ब्रिटिश कबरस्तान त्यात नाही, नेपोलियनच्या काळात इंग्रज फौज गोव्यात येऊन राहिली होती तेव्हाचं ते. आमच्या पत्रादेवीला १५ ऑगस्ट १९५५ ला गोवामुक्तीच्या सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या घातल्या, तेही नाही. घाडगेंचं पान बघितलेल्या मुलांनी दुसऱ्याच दिवशी विचारलं, त्यांचं पान कुठाय? म्हणून शाळेत एक जाड वही आणलीय, त्याच रकान्यांची, नाव, गाव, वय, तारीख, जागा. पहिल्या पानावर कर्नैलसिंग, पंजाबातल्या इसडू गावचे, पत्रादेवीला पडलेले. बाकीची नावं गोळा करायला मुलं दर शनिवारी गावातल्या म्हाताऱ्या माणसांकडे जाताहेत.